बुधवारचं गोल्फ, गावाचं मैदान

गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतात उंच भिंती, लांबलचक गाड्या आणि त्याहून लांबलचक वेटिंग लिस्ट. पण ज्या गावात हा खेळ वाढला, तिथे बुधवारी संध्याकाळी इलेक्ट्रिशियन, शाळकरी पोरं आणि जेवण उरकून बाहेर पडलेली मराठी मंडळीही गोल्फ खेळतात! स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या, आठवड्याच्या अगदी मधल्या एका दिवसाची ही सफर.

आठवड्याच्या सात वारांमध्ये बुधवारइतका बिचारा वार दुसरा नाही. सोमवारला निदान शिव्या तरी मिळतात. शुक्रवारचं कौतुक तर विचारूच नका, दुपारी चारपासूनच ऑफिसातले चेहरे फुललेले असतात. शनिवार-रविवार म्हणजे राजेच! पण बुधवार? ना इकडचा ना तिकडचा. सकाळी डबा, मग लोकल नाहीतर हिंजवडीचा ट्रॅफिक, मीटिंग, पुन्हा मीटिंग, परतीची गर्दी आणि घरी पोचल्यावर मोबाइलवर बोटं फिरवत उरकलेलं जेवण. बँकेतलं काम, चपलेचा तुटलेला अंगठा, आत्याला करायचा फोन, पोहायला जायचा संकल्प... सगळं 'वीकेंडला बघू' या खात्यात जमा. आणि मग वीकेंड येतो तोच ही सगळी थकबाकी डोक्यावर घेऊन.

म्हणूनच सेंट अँड्र्यूजहून परत आल्यावर मी मैत्रिणींना तिथला किल्ला, कॅथेड्रल, समुद्र यातलं काही सांगितलं नाही. सांगत सुटले ते तिथल्या बुधवारबद्दल!

माझी मावसबहीण, म्हणजे आमची ताई, तिथल्या विद्यापीठात संशोधन करते. भावजी सॉफ्टवेअरवाले, घरूनच काम करतात. तेरा वर्षांची भाची शाळेत. जूनमध्ये त्यांच्याकडे आठवडाभर राहिले. एडिनबराहून ट्रेनने साधारण तासाभरात ल्यूकर्स नावाचं छोटंसं स्टेशन येतं. तिथून पुढे बस, कारण सेंट अँड्र्यूजचं स्वतःचं स्टेशन १९६९ मध्ये बंद झालं. गाव वीस हजार वस्तीच्या आतलं. नॉर्थ स्ट्रीट, मार्केट स्ट्रीट आणि साउथ स्ट्रीट असे तीन मुख्य रस्ते, ते जाऊन पोचतात पडक्या कॅथेड्रलपाशी, आणि त्यापलीकडे नॉर्थ सी. विद्यापीठ १४१३ सालचं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही दोनशे वर्षं आधीचं! आणि गावाच्या वायव्येला, समुद्राला चिकटून, जगातला सगळ्यात प्रसिद्ध गोल्फ कोर्स.

आधी कामं, मग बाकीचं

बुधवारी सकाळी ताईने फ्रिजवर चिकटवलेली यादी माझ्या हातात दिली. 'अगं, बसून काय करणारेस? एवढं आण, गावही बघून होईल.' लायब्ररीत पुस्तक परत करायचं, केमिस्टकडून भावजींची औषधं, पोस्टात एक पार्सल, ब्रेड आणि कोथिंबीर. पाच कामं! आपल्याकडे एवढ्याला अख्खा शनिवार जातो. इथे सगळं पायी, आणि दोन ठिकाणी गप्पा मारूनही दीड तासात खलास. गाव छोटं असण्याचा हा पहिला फायदा.

मार्केट स्ट्रीट दगडी फरसबंदीचा. दुकानांची तोंडं अरुंद आणि आत खोल, अगदी आपल्या जुन्या पेठांसारखी. पर्यटक ढिगाने, पण जरा वेळ उभं राहिलं की गावकरी वेगळे ओळखू येतात. पर्यटकांच्या डोक्यावर नवीकोरी कॅप असते आणि गावकऱ्यांच्या हातात भाजीची पिशवी. चर्च स्ट्रीटवर 'फिशर अँड डोनाल्डसन' ही बेकरी आहे, १९१९ पासूनची. तिथला फज डोनट म्हणजे पाप आहे, पण करावंच असं पाप. त्या रांगेत माझ्या पुढे पन्नाशीच्या एक बाई होत्या. एका हातात ब्रेड, खांद्याला कापडी पिशवी आणि पाठीला पाच-सहा क्लब्ज मावतील अशी जुनाट गोल्फ बॅग. त्यांच्याकडे कोणी वळूनसुद्धा बघत नव्हतं. आपल्याकडे एखादा पोरगा बॅट घेऊन वाण्याच्या दुकानात शिरला तर कोण बघतं? तसंच.

येताना भाचीच्या शाळेचं नाव ऐकून तर मी उडालेच. मद्रास कॉलेज! स्कॉटलंडच्या टोकाला मद्रास कुठून आलं? तर या गावात जन्मलेले अँड्र्यू बेल नावाचे एक पाद्री अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासला होते. तिथल्या अनाथ मुलांच्या शाळेत मोठ्या मुलांनी लहान मुलांना शिकवायचं अशी पद्धत त्यांनी बसवली, ती 'मद्रास सिस्टिम' म्हणून गाजली. मग त्यांच्याच पैशातून १८३३ मध्ये गावात ही शाळा उभी राहिली. तेव्हापासून सेंट अँड्र्यूजमधली पोरं 'आम्ही मद्रासला जातो' असं बिनदिक्कत सांगतात.

भिंत कुठेय?

दुपारी एकटीच ओल्ड कोर्सकडे निघाले. मनात चित्र पक्कं होतं. चेंबूरहून जाताना आपण वर्षानुवर्षं गोल्फ कोर्स 'बघतो' तो कुंपणापलीकडची झाडं म्हणूनच. त्यामुळे आता गेट येईल, वॉचमन येईल, रजिस्टर येईल या तयारीत मी होते. रस्ता संपला आणि समोर एकदम हिरवंगार मैदान. भिंत नाही, गेट नाही. काही कळायच्या आत एक आजी बाबागाडी ढकलत थेट त्या हिरवळीतून जाणाऱ्या डांबरी वाटेवर शिरल्या. मध्ये थांबल्या, डावीकडे-उजवीकडे पाहिलं, आणि रस्ता क्रॉस करावा तसा गोल्फ कोर्स क्रॉस करून समुद्राकडे गेल्या!

या वाटेचं नाव ग्रॅनी क्लार्क्स वाइंड. ओल्ड कोर्सच्या पहिल्या आणि अठराव्या होलला ती आडवी कापत जाते. ज्या अठराव्या होलवर जगातले दिग्गज ओपन चॅम्पियनशिप जिंकतात, त्यावरून लोक टॉवेल खांद्यावर टाकून वेस्ट सँड्सच्या किनाऱ्यावर पोहायला जातात. ('चॅरियट्स ऑफ फायर' या १९८१ च्या सिनेमात धावपटू ज्या वाळूवरून पळताना दिसतात, तोच हा किनारा.) आणि रविवारी तर ओल्ड कोर्सवर गोल्फच बंद. मोठी स्पर्धा वगैरे असेल तर गोष्ट वेगळी, एरवी त्या दिवशी मैदान चालणाऱ्यांचं, कुत्र्यांचं आणि पोरासोरांचं.

हे असं कसं? याचं उत्तर मातीत आहे. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्ये वाळूचा जो उंचसखल पट्टा असतो, त्याला स्कॉटलंडमध्ये 'लिंक्स' म्हणतात. शेतीला निरुपयोगी. मग तिथे मेंढ्या चारायच्या, कपडे वाळत घालायचे आणि उरलेल्या वेळात खेळायचं. आपल्या गावच्या गायरानासारखं. खेळाचं वेड इतकं, की लोक तिरंदाजीचा सराव सोडून गोल्फ आणि फुटबॉल खेळत बसतात म्हणून १४५७ मध्ये स्कॉटिश पार्लमेंटला दोन्हींवर बंदी घालावी लागली. अर्थात, बंदीने काय होतंय! १५५२ मध्ये आर्चबिशप हॅमिल्टन यांच्या सनदेने या जमिनीवर खेळायचा गावकऱ्यांचा हक्क लेखी मान्य झाला.

पण कागदावर हक्क असला म्हणून जमीन वाचते असं नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. अठराव्या शतकाच्या शेवटी गावावर कर्ज झालं आणि ही जमीन विकली गेली. ज्यांच्या हाती गेली त्यांनी तिथे चक्क सशांची पैदास सुरू केली. मैदानभर बिळंच बिळं! गावकरी कोर्टात गेले, मैदानात सशांच्या मागे लागले, भांडणं झाली, मारामाऱ्या झाल्या. वीसेक वर्षं चाललेलं हे प्रकरण १८२१ मध्ये मिटलं, जेव्हा जेम्स चीप नावाच्या गोल्फवेड्या जमीनदाराने ती जमीन विकत घेऊन खेळासाठी मोकळी केली. पुढे १८९४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने मैदान पुन्हा गावच्या कौन्सिलकडे आलं. १९७० च्या दशकात छोटी कौन्सिलं बरखास्त होणार असं ठरल्यावर गाव पुन्हा जागं झालं. उद्या दूरच्या ऑफिसातल्या कोणी हे मैदान भलतीकडे वळवलं तर? म्हणून १९७४ चा कायदा आणि त्यातून आलेली लिंक्स ट्रस्ट. आज या ट्रस्टकडे सात सार्वजनिक कोर्स आहेत, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तर गावकऱ्यांना ओल्ड कोर्सवर खेळायला पैसेही पडत नसत.

एक गंमत मात्र आहे. पहिल्या टीच्या मागे जी भारदस्त दगडी इमारत फोटोत दिसते, ती रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लबची, आणि क्लब खासगी आहे. १७५४ मध्ये सुरू झालेल्या या क्लबने बायकांना मेंबर करून घ्यायचं ठरवलं ते कधी? २०१४ मध्ये! म्हणजे इमारत साहेबांची, पण समोरचं मैदान गावाचं. याच मैदानाच्या कडेला सेंट अँड्र्यूज गोल्फ क्लबही आहे. १८४३ मध्ये गावातल्या कारागिरांनी तो काढला, तेव्हा त्याचं नावच होतं मेकॅनिक्स गोल्फ क्लब. साहेब आणि सुतार, दोघांचे क्लब वेगळे, पण दोघांचा चेंडू एकाच गवतावर.

आपल्याकडे खेळ आला तो मैदानाशिवाय, फक्त इमारत घेऊन. १८२९ चा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना क्लब. सेंट अँड्र्यूजमध्ये ज्या खेळाला गवंडीही जायचा, तो बोटीत बसून भारतात येईपर्यंत बड्या साहेबांचा झाला होता, आणि साहेब गेल्यावरही त्याची ती ऐट गेली नाही.

हिमालय, तोही शाळा सुटल्यावर

साडेतीनला भाची शाळेतून आली. 'मावशी, चल, हिमालयात जाऊ!' मला वाटलं, एखादं रेस्टॉरंट असेल. निघालं पटिंग ग्रीन. पटिंग म्हणजे चेंडू जमिनीवरून हळूच ढकलत खड्ड्यात घालायचा, गोल्फमधला शेवटचा टप्पा. ओल्ड कोर्सच्या शेजारी उंचवट्या-खळग्यांची एक मोठी हिरवळ आहे, तिचं नाव 'द हिमालयाज'. ती लेडीज पटिंग क्लबची, क्लब १८६७ चा. त्या काळात बाईने क्लब खांद्याच्या वर उचलून फटका मारणं म्हणजे शोभत नाही हो! मग बायकांनी स्वतःसाठी पटिंगचाच खेळ उभा केला. आता तो सगळ्यांना खुला आहे. खोपटातून पटर आणि चेंडू घ्यायचा, थोडे पौंड द्यायचे, की सुरू.

ताईही परस्पर सायकलवरून आली. ऑफिसचं जॅकेट, गळ्यात आयकार्ड तसंच. आमच्या पुढे तीन आज्या होत्या, मागे एक तरुण बाप आणि त्याची चार वर्षांची मुलगी. ती चेंडू हातात उचलून सरळ खड्ड्यात टाकत होती आणि बाप प्रत्येक वेळी टाळ्या वाजवत होता. आमच्यात भाची जिंकली, ताई दुसरी. ताईला विचारलं, 'तू ऑफिसातून एवढ्या लवकर निघालीस, कोणी काही बोललं नाही?' ती म्हणाली, 'अगं, सकाळी आठला गेले होते. आणि इथे पाचनंतर बसलेल्या माणसाकडे लोक काळजीने बघतात, याचं घरी काही बिनसलंय का म्हणून.'

ताईने आणखी एक सांगितलं. ब्रिटनमधल्या बऱ्याच विद्यापीठांत बुधवारी दुपारी तासच ठेवत नाहीत, ती दुपार खेळांची. आणि एकेकाळी दुकानांचंही असंच होतं. १९११ च्या कायद्याने दुकानातल्या नोकरांना आठवड्यात एक अर्धा दिवस सुट्टी देणं बंधनकारक होतं, त्यामुळे गावोगावी बुधवार-गुरुवारी दुपारी शटर खाली यायचं. तो कायदा आता राहिला नाही, दुकानंही सातही दिवस उघडी असतात. पण आठवड्याच्या मध्ये थोडं खेळायचं असतं, ही सवय मुरली ती मुरलीच.

पिठलं-भाकरी आणि घराचा प्रश्न

संध्याकाळी सहाला जेवण. हो, सहाला! मी पहिल्या दिवशी हसले होते, बुधवारपर्यंत मला पाचलाच भूक लागायला लागली. पिठलं, भात, आणि डंडीच्या दुकानातून आणलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या. सोबत मेथांबा, पण कैरीचा नाही, रुबार्बचा. लालसर देठांची ही आंबट भाजी शेजारच्या आजोबांच्या परसात उगवते. ते एक जुडी देतात आणि बदल्यात ताई एक बाटली मेथांबा. सत्तरीचे हे आजोबा निवृत्त इलेक्ट्रिशियन. ते जेवायलाच होते. भाकरी त्यांना जमत नाही, पण पिठलं ते टोस्टला लावून खातात आणि 'फारच छान' एवढं मराठीत म्हणतात.

टेबलावर फोन नव्हते. त्याऐवजी एक पत्र होतं. घरमालकांना घर विकायचं होतं, आणि ताई-भावजींना चार महिन्यांत दुसरं शोधायचं होतं.

सेंट अँड्र्यूजमध्ये घर शोधणं म्हणजे काय, हे मला त्या जेवणात कळलं. विद्यार्थ्यांना घरं हवीत, पर्यटकांना हवीत, वर्षातून तीन आठवडे गोल्फ खेळायला येणाऱ्या श्रीमंतांना हवीत, आणि गाव आहे तेवढंच आहे. फाइफ कौन्सिलने २०१९ मध्ये विद्यार्थ्यांनी वाटून घेतलेल्या भाड्याच्या घरांची संख्या गावात वाढू द्यायची नाही असं ठरवलं. २०२३ पासून स्कॉटलंडमध्ये पर्यटकांना घर द्यायचं तर परवाना लागतो. तरी किमती काही उतरायला तयार नाहीत. आजोबांची दोन्ही मुलं याच गावात वाढली, बाल्गोव्हवर गोल्फ शिकली, आणि आता दोघंही बाहेर राहतात. परवडतच नाही.

भावजींचा हिशेब सरळ होता. डंडीला जायचं. टे नदीच्या पलीकडचं मोठं शहर, भाडं कमी, दुकानं जास्त. ताई गप्प होती. मग म्हणाली, 'हिशेब बरोबर आहे रे. पण नदी ओलांडली की फाइफ संपलं. हिची शाळा बदलणार, मला रोज बस, आणि बुधवार गेला.'

'म्हणजे?' मी विचारलं.

'म्हणजे हे सगळं. लायब्ररी, हिमालय, सहाला जेवण. मी काही गोल्फसाठी रडत नाहीये. पण आपण इथे आल्यावर पहिली दोन वर्षं नुसतं ऑफिस आणि घर करत होतो, ठाण्यात करायचो तसंच. देश बदलला, आपण बदललो नव्हतो. आता कुठे आठवड्याला हाडामांस आलंय.'

स्थानिकांना इथे लिंक्सचं वर्षभराचं तिकीट मिळतं. पाहुण्याला उन्हाळ्यात ओल्ड कोर्सच्या एका राउंडला तीनशे पौंडांहून जास्त मोजावे लागतात, आणि गावकऱ्याला एक-दोन राउंडच्या त्या पैशांत वर्ष निघतं. म्हणजे या गावात 'राहणं' हीच खरी मेंबरशिप. आणि ती मेंबरशिपच आता महाग होत चाललीय.

आजोबा इतका वेळ ऐकत होते. ताईने त्यांना इंग्रजीत थोडक्यात सांगितलं, तसे ते म्हणाले, 'मैदानासाठी आमच्या लोकांनी पार्लमेंटपर्यंत जाऊन कायदा करून घेतला. घरांसाठीही काही करायला हवं होतं, हे तेव्हा कोणाला सुचलं नाही. आम्हाला वाटलं, माणसं तर असणारच आहेत.'

टेबलावर थोडा वेळ शांतता. मग भाची म्हणाली, 'आपण खेळायला जाणार आहोत ना?'

नऊ होल, सव्वा तास

भांडी तशीच सिंकमध्ये ठेवून सातला सगळे निघालो. बाल्गोव्ह हा सात कोर्सपैकी नऊ होलचा छोटा कोर्स, मुलांसाठी आणि शिकाऊंसाठी. भावजींकडे सेकंडहँड दुकानातून घेतलेले सात क्लब्ज आणि एक चाकं करकरणारी ट्रॉली. कपडे? घरातलेच. आजोबांच्या स्वेटरला कोपरावर ठिगळ होतं.

भावजींचा पहिलाच फटका सुसाट उजवीकडे झुडपात. आजोबांनी काहीही न बोलता दुसरा चेंडू पुढे केला. भाचीचा चेंडू वाळूच्या बंकरमध्ये गेला. तिने तीन फटक्यांत तो बाहेर काढला, मग दाताळं घेऊन आपल्या पावलांचे ठसे पुसून वाळू सारखी केली. मी म्हटलं, 'अगं, इथे कामाला माणसं नाहीत का?' तर म्हणे, 'मावशी, मागून येणाऱ्यासाठी करायचं असतं.' हे तिला शाळेत शिकवलेलं नाही, या मैदानाने शिकवलंय.

मी आणि ताई नुसत्या चालत होतो. साडेआठ वाजले तरी ऊन! जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. समुद्रावरून 'हार' नावाचं धुकं आत सरकत होतं, त्यात दूरची माणसं अर्धी दिसत होती आणि त्यांचं हसणं पूर्ण ऐकू येत होतं. चालता चालता ताईने मला माझ्या नोकरीचं, आईच्या गुडघ्यांचं, लग्नाचं, सगळं विचारलं. तीन वर्षं आम्ही व्हिडीओ कॉल करतोय, पण एवढं बोललो नव्हतो. गोल्फचा हा फायदा कोणी सांगत नाही. दोन फटक्यांच्या मध्ये चालायचंच असतं, आणि चालताना बोलण्याशिवाय दुसरं काही करता येत नाही. सव्वा तासाचा राउंड. कोण जिंकलं हे शेवटी कोणी मोजलंच नाही.

आपला बुधवार

आता तुम्ही म्हणाल, बाई, तिकडे लोकसंख्या किती, आपल्याकडे किती! कबूल. आणि आपल्याकडे प्रत्येक गावात गोल्फ कोर्स हवा असं तर मी अजिबात म्हणत नाहीये. तेवढ्या पाण्यात आणि जागेत कितीतरी क्रिकेटची मैदानं होतील.

गोष्ट गोल्फची नाहीच मुळी, मैदानाची आहे. नाशिककरांना विचारा, 'गोल्फ क्लब' म्हणजे काय? ते सांगतील, क्रिकेटचं मैदान आणि जॉगिंग ट्रॅक! हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान हे त्याचं खरं नाव, पण तोंडात बसलंय गोल्फ क्लबच. साहेबाचा खेळ गेला, जमीन गावाला उरली. दादरचं शिवाजी पार्क १९२५ पासून लोकांना खुलं आहे. बुधवारी संध्याकाळी तिथल्या कट्ट्यावर जी गर्दी असते ती काही तिकीट काढून आलेली नसते. पुण्यात २०२३ मध्ये शेकडो लोक वेताळ टेकडी वाचवायला चालत निघाले, तेव्हा ते सेंट अँड्र्यूजच्या सशांशी भांडणाऱ्या गावकऱ्यांचेच भाऊबंद होते. फक्त त्यांना हे माहीत नव्हतं इतकंच. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सची १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी घ्यायचं २०२४ मध्ये ठरलं. ती खरोखर सगळ्यांची होते का, बुधवारी संध्याकाळी सातला तिथे भिंत लागते की वाट, हे बघणं आपल्याच हातात आहे.

आणि मैदान असलं तरी तिथे पोचायला संध्याकाळ शिल्लक लागते. आपली संध्याकाळ ट्रॅफिक खातो हे खरं, पण थोडी आपणही उधळतो. जिथे कामाला जातो तिथून तास-दीड तास लांब राहतो, कारण जवळचं परवडत नाही. आजोबांच्या मुलांसारखंच. त्यामुळे घर, ऑफिस आणि मैदान एकमेकांपासून किती लांब आहेत, हा प्रश्न शहर आखणाऱ्यांचा आहे तितकाच तुमच्या-माझ्या बुधवारचाही.

मी आल्यावर एक छोटी गोष्ट सुरू केलीय. बुधवारी साडेसातला लॅपटॉप बंद, मैत्रिणीला घेऊन कोपऱ्यावरच्या मैदानाला चार फेऱ्या, येताना भाजी. वीकेंडच्या यादीतली दोन कामं तेवढ्यात आपोआप निकालात निघतात.

आणि ताईचं काय झालं? परवाच तिचा फोन आला होता. गार्डब्रिजला घर मिळालं, गावापासून चारेक मैलांवर, ल्यूकर्सच्या वाटेवर. भाडं थोडं जास्तच आहे, पण नदीच्या अलीकडे. शाळा तीच, बस दारातून. आजोबा आता शेजारी नाहीत, म्हणून ते बुधवारी बसने जेवायला येतात. पिशवीत रुबार्ब घेऊन.

जायचंच असेल तर...

- एडिनबराहून ल्यूकर्सपर्यंत ट्रेन, पुढे दहा-पंधरा मिनिटांची बस. एका दिवसात जाऊन येता येतं, पण संध्याकाळ चुकवू नका. मुक्काम करा.
- जून-जुलैत रात्री दहापर्यंत उजेड असतो. तरी विंडचीटर हवाच, वारा भयंकर!
- गोल्फ येत नाही? 'हिमालयाज'वर पटिंग करा, किंवा बाल्गोव्हवर नऊ होल. ओल्ड कोर्सवर खेळायचं असेल तर हँडिकॅप सर्टिफिकेट लागतं आणि लॉटरीत नशीब आजमावावं लागतं.
- नुसता ओल्ड कोर्स चालायचाय? रविवारी जा. फुकट! स्विल्कन ब्रिजवर फोटो काढायला रांग असते, ती धरून ठेवा.
- साउथ स्ट्रीटवर १९०८ पासूनचं 'जॅनेटाज' आइस्क्रीम, आणि चर्च स्ट्रीटवरचा तो फज डोनट. डाएट वीकेंडला बघू!
- पुढची ओपन चॅम्पियनशिप इथे २०२७ मध्ये आहे. गोल्फवेडे असाल तर तेव्हा जा, गाव बघायचं असेल तर तेव्हा मुळीच जाऊ नका.